गाडीचं तांबडं तेल

हळर्ण, २६ एप्रिल १९८७, रविवार

ही डायरी खाणीच्या कंपनीनं ह्यांना दिलेली, पंच्याऐंशी सालची. ह्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत रोज एकच ओळ लिहिलीय, ‘गाडी पुसली.’ मार्चात गेले. पुढची पानं कोरी. वाळवीनं खाण्यापेक्षा मी खाल्लेली बरी, म्हणून आजपासून लिहिते. छापलेले वार चुकतात, ते खोडून वर माझे घालते.

आज लिहायला कारणही मिळालं. बाबली, माझा धाकटा दीर (घर एक, चुली दोन, अंगण सामाईक), सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या दारात उभा राहिला. कप हातात असला की समजायचं, ह्याला काहीतरी वंगाळ बोलायचंय.

“वैनी, गौरेशाचा लगीन ठरला. एकतीस मेक. मुलगी सर्वणची.”

“बरा झाला. तुका सून गावली, तिका तू गावलंस. गरीब बिचारी.”

“मस्करी नको. अंगणात मांडव घालूचो आसा. तो रेडो हलवूक होयो.”

रेडा म्हणजे ह्यांची गाडी. अमेरिकेची, साठ सालची. पोर्तुगीज असताना डिचोलीच्या शेटनी बोटीतून आणलेली, मागं माशासारखे दोन पंख. हे शेटचे ड्रायव्हर. शेटला नवी गाडी आली तेव्हा ही ह्यांना दिली. हिचे गिअर हातानं टाकावे लागत नाहीत, आपोआप पडतात. म्हणजे पडायचे. हे गेल्यापासून दोन वर्षं ती अंगणात बसलीय. दर दसऱ्याला गौरेश तिला झेंडूची माळ घालतो, इंजिन चालू करतो, दांडा पुढं ओढतो. ती डरकाळी फोडते आणि जागची हलत नाही. आमच्या पंचायतीसारखीच.

ढकलून काढावी तर अंगणातून रस्त्यावर चढ आहे. मागच्या शिगम्याला दहा बाप्ये लागले, एकाची कंबर गेली, गाडी तिथंच.

बाबलीनं म्हापशाचा भंगारवाला ठरवलाय. तेवीस तारखेला मांडवाचा पहिला खांब, त्याच सकाळी तो येऊन तिला गॅसनं कापून नेणार.

माझं तोंड माझ्या आधी बोलतं. म्हटलं, “तेवीसपर्यंत ती आपल्या पायांनी चढ चढून देवळाकडे जाईल. नाही गेली तर खुशाल कापा. वर अख्खं लग्न मी तोंड न उघडता काम करीन.”

बाबलीनं चहा खाली ठेवला. “तोंड न उघडता? देवाची शपथ?”

“शपथ.”

मेला एवढा खुश झाला की चहा तसाच टाकून गेला. मी प्याले.

२७ एप्रिल, सोमवार

बाबली परत. आज कप नाही, म्हणजे रागात.

“शेटनी दादाक दोन वस्तू दाखयल्यो. एक जीप आणि एक हो रेडो. जीप घेतली आसती तर पेडण्याक भाडी मारली आसती. आणि दादा शेटांक काय म्हणालो माहीत आसा? ‘जिपीक दोन पाय लागतत.’ मी थंय उभो होतंय. वैनी, दादाक पाय किती होते?”

“दोनच. मी मोजलेत.”

तो लाल झाला आणि गेला. पण बोलला ते खरं. काय ते ह्यांचं बोलणं! धडधाकट माणूस. घरात लंगडी म्हणजे मी. अकराव्या वर्षी काजूवरून पडले ती डावा पाय गुडघ्याखाली काठीसारखा झालाय, नुसता सोबतीला येतो. ह्यांचे पाय तर उंबराच्या बुंध्यासारखे होते. मला वाटतं हे तिच्या रंगाला भुलले. हिरवा, कच्च्या कैरीचा. मला कधी हात धरून रस्ता ओलांडून दिला नाही, तिला मात्र रोज न्हाऊ घालायचे.

गाडी आणली त्या वर्षी तीनदा मला सड्यावर घेऊन गेले. माळरान, माणूस नाही, गुरं नाहीत. म्हणाले, “ह्या बाजूला येऊन बस बघू.” तिन्ही वेळा मी म्हटलं, “बायको मारायची तर घरी मारा, पेट्रोल कशाला जाळता?” चौथ्यांदा विचारलं नाही.

३ मे, रविवार

भैरूला निरोप धाडला होता, तो आला. हा गडहिंग्लजकडचा. वीस वर्षं डिचोलीच्या खाणीत डंपर दुरुस्त करतो. ह्यांचा दोस्त. पोट असं की आधी पोट येतं, मग भैरू येतो.

“वैनीसाब, डंपरला बी ह्योच गिअर अस्तोय. आपोआपवाला. बगू तरी.”

इंजिनाच्या बाजूच्या नळीतून त्यानं एक लांब पट्टी ओढून काढली. तिला गेज म्हणतात. टोक माझ्या नाकाखाली धरलं.

“वास घ्या. कसला हाय?”

“माझ्या आमटीचा.”

“न्हाई ओ. तुमच्या आमटीचा वास मला ठावं हाय. ह्यो करपल्याला हाय. तेल काळं झालंय, निम्मं तर गळून गेलंय. ह्या गिअरात दात दाताला लागून गाडी न्हाई ढकलत वैनी, तेलच ढकलतंय. तेल न्हाई तर जोर न्हाई. काळं काडायचं, तांबडं भरायचं. बास.”

“आणि तेवढ्यानं चालेल?”

“चालंल नायतर न्हाई चालणार.”

असं डॉक्टरांनी ह्यांच्या वेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते दोन आठवडे ‘बघू’ म्हणत राहिले.

जाताना भैरूनं पेजेच्या दोन वाट्या घेतल्या आणि लोणच्याला तीनदा बरं म्हटलं. घरी एकटाच असतो. मी म्हटलं, “भैरूभाऊ, एखादी बायको का करत नाही? लोणचं फुकट.” तर खाली बघून गेजची पट्टी पुसत बसला. ती आधीच पुसलेली होती.

६ मे, बुधवार

तेल आलं. भैरूनं डिचोलीच्या बसवाल्याकडे दिलं. डबा गळका, बसवाल्याची चड्डी तांबडी. त्याला म्हटलं, “बाबा, घरी जाऊन बायकोला आधी सांग, मग आत जा.”

गळका डबा ठेवणार कुठं? वेताच्या जाळीतला काचेचा मोठा शिसा होता, ह्यांच्या आईच्या वेळचा, त्यात ओतलं. काय रंग म्हणून सांगू! भिरंडांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ असतं तस्सा, तांबडाबुंद. ह्या दिवसांत आम्ही भिरंडं फोडून मीठ घालून आगळ काढतोच, पडवीच्या फळीवर त्याचा शिसा होता. त्याच्याच शेजारी हा ठेवला. खूण म्हणून गळ्याला चिंधी बांधली.

रेडिओवर सांगत होते, गोवा आता राज्य होणार, तीस तारखेला. कोकणी राजभाषा आधीच झालीय. बाबली म्हणतो, वैनी, तुझी डायरी आता बेकायदेशीर. मी म्हटलं, शिव्या मी पहिल्यापासून कोकणीतच देते, सरकारनं आत्ता ऐकलं.

१० मे, रविवार

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भैरू सकाळच्या बसनं आला. जॅक लावून गाडी उचलली, चारी चाकांखाली चिरे सारले. इंजिन थोडं फिरवून तेल कोमट केलं, पातळ होऊन नीट उतरावं म्हणून. मग भैरू खाली शिरायला गेला. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. मागं ओढायला मला आणि गौरेशला पाय धरावे लागले.

“ऱ्हावू द्या वैनी. दुसरा माणूस बगतो.”

“दुसरा कशाला? मी सुक्या बांगड्याएवढी आहे.”

“तुमी? बायमाणूस? गाडीच्या खाली?”

“पन्नास वर्षं चुलीखाली राख काढते. ही काय वेगळी?”

लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि शिरले. खाली थंडगार. वर लोखंडाचं पोट आणि त्याला मधोमध एक बोल्ट, बेंबीसारखा. भैरू बाहेरून पालथा पडून सांगतो, “डावीकडं फिरवा! माझ्या न्हाई, तुमच्या डावीकडं!” पाना सटकला, मी एक शिवी दिली, राजभाषेतली, आणि बोल्ट सुटला. काळं, कोमट, करपकं तेल धो-धो तांब्याच्या भाणात. थोडं माझ्या कानात.

एवढ्यात शेजारची कमलाक्षी आंब्याची साटं मागायला आली. तिला काय दिसलं? गाडीखालून माझे दोन पाय बाहेर, एक वाकडा, एक सरळ, आणि शेजारी भैरू पालथा पडून ओरडतोय. तिनं अशी बोंब ठोकली की देवळातला भटजी घंटा सोडून धावत आला.

“सुमंगला गेली गे! गाडीन खाल्ली गे!”

मी खालून म्हटलं, “कमळे, साटं फडताळात आहेत. दोनच घे.”

ती मटकन बसली. भटजी परत गेला, जाताना तीनदा मागं वळून बघत.

दुपारपर्यंत तेल ठिबकत राहिलं. बोल्ट परत आवळला, गाडी खाली उतरवली. भैरूची बस चारची. जाताना बजावून गेला, “आता भरू नका. पुढल्या ऐतवारी मी येतो, मग भरू. आनि भरलंसाच तर इंजिन चालू ठिवून गेज बगायचा. चालू ठिवून, बरं का वैनी.”

हो म्हटलं. पण इंजिन चालू ठेवून तेल मोजणारा माणूस मी बघितला नाही. हे नेहमी इंजिन बंद करून, बिडी संपवून मग मोजायचे. भैरू चांगला आहे, पण तो डंपरचा डॉक्टर.

११ मे, सोमवार

धीर धरण्याचं काम मला देवानं दिलेलंच नाही.

भाणातलं काळं तेल मोजलं. तीन बाटल्या, खोबरेलाच्या मापानं. जेवढं काढलं तेवढं भरायचं, ह्यात काय शिकायचंय? समईचं तेल बदलतो तसंच. नरसाळं लावलं, शिशातलं तांबडं तीन बाटल्या ओतलं. इंजिन बंद करून गेज बघितला, तेल बरोबर वरच्या रेघेवर. मनात म्हटलं, बाबली, आता तुझं तोंड बंद.

गौरेशला बसवलं. इंजिन सुरू. दांडा पुढं.

डरकाळी. आणि जागच्या जागी.

मागं टाक म्हटलं. मागंही नाही.

बाबली पडवीत कदेलावर बसून बघत होता. नुसतं तोंडावर बोट ठेवलं, लग्नात मला ठेवायचंय तसं.

जेवले नाही. भूक नव्हती असं नाही, रांधायचा कंटाळा आला. ह्यांची गाडी ह्यांच्याशिवाय हलत नाही, एवढंच खरं असेल. एवढी पतिव्रता मी पण नाही.

१४ मे, गुरुवार

आज जे झालं ते लिहिताना हसू आवरत नाही आणि हसायचं तोंडही राहिलेलं नाही.

सर्वणचे व्याही जेवायला आले. सात माणसं. चंद्रावतीनं, म्हणजे बाबलीच्या बायकोनं, सुंगटांचं हुमण, तळलेलं इसवण केलं, आणि शेवटी सोलकढी. तिचं आगळ संपलेलं. माझ्या फळीवरून शिसा उचलला. गळ्याची चिंधी तिनंच काल पडवी पुसायला घेतली होती.

नारळाच्या रसात चार कुलेर तांबडं घातलं. ढवळते, ढवळते, मिसळेना. वर तांबडे गोल-गोल तरंगतात. तिला वाटलं रस फुटला. वर मिरची-कोथिंबीर घातली आणि वाढली. माझं आगळ म्हणजे माझी कायतरी नवी रीत, असं समजून.

बाबलीनं पहिला घोट घेतला. पाहुण्यांच्या आधी, मुद्दाम, कढी कशी झालीय ते दाखवायला.

मी जनेलातून बघत होते. त्याचा चेहरा आधी आनंदी, मग विचारी, मग गेजच्या पट्टीसारखा लांब. उठला तो केळीपाशी गेला आणि सगळं ओकला. व्याही वाट्या हातात धरून तसेच. मी धावले, एका पायानं जेवढं धावता येतं तेवढं. “कोणी पिऊ नका! ती गाडीची आहे!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

व्याही, गोकुळदास, म्हातारा समजूतदार. वाटीचा वास घेतला, खाली ठेवली, म्हणाला, “आमच्याकडे गाडी नाही. आम्हाला साधी चालेल.”

बाबलीला दोन तास ताक पाजलं. काही झालं नाही. मी म्हटलं, “आता तरी तू हलशील.” हे बोलायला नको होतं. त्यानं शिसा उचलला, चंद्रावतीच्या हातात दिला, “न्हंयत नेवन ओत सगळा!” आणि मला म्हणाला, “वैनी, तुझी सगळी मस्करी आमच्या मुळार येता. तेवीस तारीख. गाडी कापतलंय. बस.”

हे म्हणताना त्याचे डोळे भरलेले होते. ताकानं नव्हे. व्याह्यांसमोर माणसाला केळीत ओकायला लागलं. मी मस्करी करते तेव्हा ती कुणाच्या डोक्यावर पडते ते बघत नाही. हे पण कधी कधी सांगायचे. हळू आवाजात.

१७ मे, रविवार

भैरूला सगळं सांगितलं. चिऱ्यावर बसून पोट धरून हसला. मग डोळे पुसले.

“वैनी, आदीच निम्मं तेल गळून गेल्यालं. जेवडं निगालं तेवडंच वतलंसा, म्हंजे निम्मंच ऱ्हायलं. आनि इंजिन बंद असलं की वरचं तेल खाली उतरतंय, गेजला वाटतंय भरलंय. इंजिन चालू केलं की ते तेल गिअरच्या चक्रात चडतंय. म्हून चालू ठिवून बगायचं. मी सांगितलं न्हवतं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“तुमचं पोट बघून विश्वास बसला नाही.”

अजून तीन बाटल्या हव्यात, आणि शिशातलं उरलेलं तर नदीत गेलं. दुकानातलं संपलंय. तेवीसच्या आत दुसरीकडून मिळालं तर पाठवतो म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून कळलं, मिळणार नाही. पाण्याचा थेंबही चालणार नाही, म्हणजे कढीतलं काढलेलं गेलं कामातून. तेवीसला शनिवार, त्याची पाळी बारापर्यंत. भंगारवाला दहाला.

तरी म्हणाला, “बसा वैनी. तेल मिळालंच तर तुमाला यायला पायजे.”

चार्ज केलेली बॅटरी आणली होती ती बसवली, मला चाकापुढं बसवलं. हा बिरेक. हा अॅक्सिलेटर. हा दांडा पुढं, हा मागं, हा मधे.

“आनि दोनी उजव्या पायानं. डाव्याला ह्या गाडीत कामच न्हाई. दुसऱ्या गाड्यांत त्येला किलच दाबावं लागतंय, हिला...” एकदम थांबला. माझ्या पायाकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. टोपी काढून डोकं खाजवलं.

बिचारा लाजला. म्हटलं, “भैरूभाऊ, लंगडीला लंगडी म्हटलं तर ती पाठी लागून मारणार नाही. पोचणारच नाही.”

तो हसला नाही. “त्ये न्हवं वैनी,” म्हणाला, आणि पुढं काही सांगितलं नाही. चहा घेतला नाही, लोणचं घेतलं नाही, लवकर गेला. जाताना मात्र गाडीच्या टपावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, देवाला ठेवतात तसा.

२२ मे, शुक्रवार

तेल आलं नाही. दोन्ही वेळच्या बसला जाऊन उभी राहिले. बसवाला नवीन चड्डीत होता. लांबूनच हात हलवला, नाही म्हणून.

दुपारी तांदूळ निवडत होते. चंद्रावती आली. चौदा तारखेपासून ती माझ्याशी बोललेली नाही. माझ्या समोर शिसा ठेवला. तांबडा. अर्ध्याच्या वर.

“न्हंयत ओतूक गेलंय,” म्हणाली. “ओतवूक ना. भाताच्या कणग्यात लिपयलंय.”

“का गे?”

“गौरेशाच्या वेळार माका कळा येत होत्यो. मिरगाचो पावस, रस्त्यार पाणी. भावोजींनी ह्याच गाडयेंतसून म्हापशाक व्हेली. वाटेर म्हणत होते, ‘चंद्रावती, दम धर, ही हालयत ना.’ खरोच हालली ना गे. पाळण्यात बशिल्लेवरी.” मग पदरानं शिशाचं तोंड पुसलं. “तेका सांगू नको. माझ्या घोवाक.”

पंचवीस वर्षं एका घरात, ही गोष्ट मला आज कळली. ह्यांनी सांगितली नाही. ह्यांनी काहीच सांगायचं नाही अशी शपथ घातली होती का कुणी?

मी म्हटलं, “चंद्रावती, तुझी कढी छान होती.”

तिनं मला सुपानं मारलं. बरं वाटलं.

२३ मे, शनिवार

दहा म्हणजे साडेनऊलाच आले. टेम्पो, गॅसचा सिलिंडर, तीन माणसं. वर भटजी, खांबाचा खड्डा, नारळ, आंब्याचे टाळे. बाबली नवीन धोतरात.

मी गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली. डरकाळी.

“वैनी, भायर ये,” बाबली म्हणाला.

“दहाला अजून अर्धा तास आहे. तुझं घड्याळ पुढं असेल तर मागं कर.”

इंजिन दहा मिनिटं तसंच ठेवलं, गरम व्हायला. भंगारवाल्यांना चंद्रावतीनं चहा दिला, चुलीवर ठेवता ठेवता बराच वेळ लावला, दोनदा साखर विसरली. ब्रेक दाबून धरला आणि दांडा गिअरच्या सगळ्या घरांतून एकदा फिरवून आणला, भैरूनं सांगितल्यासारखा. मग दांडा मधे ठेवला, हातब्रेक ओढला, उतरले. नरसाळं लावलं. इंजिन चालू. एक बाटली. गेज बघितला, रेघ कोरडी. दुसरी. टोकाला लागलं. तिसरी थांबत थांबत ओतली, कानात औषध घालतात तशी. गेज पुसला, घातला, काढला. तांबडं तेल वरच्या रेघेच्या जरासं खाली. स्वच्छ. करपल्याचा वास नाही.

परत चढून बसले. उजवा पाय ब्रेकवर. दांडा पुढं.

गाडीला झटका बसला. अंगात आल्यासारखी एकदा थरारली. मी ब्रेक सोडला आणि ती हलली! मी अॅक्सिलेटरला शिवलेही नव्हते. आपली आपण, दोन वर्षं झोपलेल्या म्हशीसारखी, अंग झाडत, पुढं.

पुढं म्हणजे खांबाच्या खड्ड्याकडे. भटजी नारळ घेऊन उडाला. त्याची म्हातारी आई ओरडली, “अगो सुमंगला, तू खांबाफुडे येव नको! अशुभ!”

नाव सुमंगला आणि खांबापुढं अशुभ. खिडकीतून म्हटलं, “मी कुठं येते? गाडी येते. मी तिच्या पोटात आहे!”

चाक फिरवलं. खड्डा वाचला, तुळस वाचली, बाबलीचं एक वहाण गेलं. चढ आला. आता अॅक्सिलेटर दाबला. इंजिनाचा आवाज खाली गेला, आत कुठंतरी गिअर आपला आपण पडला, बोटांना कळला आणि गाडी चढली. वर रस्त्यावर कमलाक्षी उभी. मला चाकामागं बघून तिनं परत बोंब मारली, पण ह्या वेळी वेगळ्या सुरात.

देवळापाशी पिंपळाखाली थांबवली. म्हणजे पिंपळानं थांबवली, हळूच. एक दिवा फुटला.

बाबली धावत आला, एका पायात वहाण. दम लागला होता. मला वाटलं ओरडणार. त्यानं गाडीच्या पंखावर हात ठेवला.

“दादाचो आवाज,” म्हणाला. “हो तेच्या गाडयेचो आवाज.” मग नाक पुसलं. “वैनी, म्हणजे तू लग्नात बोलतलंस?”

“सगळ्यांशी. तुझ्या व्याह्यांशी तर जास्त.”

“देवा रे,” म्हणाला आणि भंगारवाल्यांना वाटेला लावायला गेला.

बाराच्या पाळीनंतर भैरू आला. अंगण रिकामं बघून खाली बसला. त्याला वाटलं कापून नेली. मी पिंपळाखालून हॉर्न वाजवला.

३० मे, शनिवार

आज गोवा राज्य झालं. शाळेत मुलांना पेढे. उद्या लग्न. मांडवात सगळी माणसं घाईत, मी तोंड उघडं ठेवून नारळ सोलत होते, तेव्हा गौरेश आला. नवऱ्या मुलाची हळद अंगावर, तरी डोळ्यांत गाडी.

“काकी, सड्यार एक फेरी मारूया?”

सड्यावर गेलो. माळरान, माणूस नाही, गुरं नाहीत. गौरेश शेजारी बसला होता, मी चालवत होते. गेल्या आठवड्यात रोज थोडी थोडी चालवली, आता झाडं वाटेत येत नाहीत.

तो म्हणाला, “काकी, तुमचो डावो पाय बगा मगो. कसो आरामात बसलाहा.”

“त्याला सुटी आहे. ह्या गाडीत त्याला कामच नाही.”

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

जिपीक दोन पाय लागतत.

ब्रेक दाबला. गाडी गपकन थांबली, गौरेशचं डोकं काचेला लागलं. “काय झाला काकी?” काही नाही म्हटलं. जा, तिकडं करवंदं पिकलीत, जाऊन खा. तो गेला.

मी चाकापुढंच बसून होते. ह्या बाजूला येऊन बस बघू. तीनदा. आणि मी तीनदा हसले.

सांगायला काय झालं होतं, मेल्या?

मग उतरले. पदर ओला केला, तो तसाही ओला झालाच होता.

गाडी पुसली.